ओल्या वाळूचा निकाल

सासूबाईंनी स्टीलचा मोठा चमचा वाळूत उभा खुपसला, मनगट बुडेल एवढा खड्डा उकरला आणि तळाची वाळू मुठीत दाबून धरली. मूठ उघडली तेव्हा वाळूचा गोळा तसाच तळहातावर राहिला. चार बोटांचे ठसेही त्यावर उमटले होते.

"ओली," त्या म्हणाल्या.

"जरा दमट म्हणता येईल," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"दमट असा निकाल नसतो. ओली किंवा कोरडी."

डॉक्टरांनी हात पुढे करून गोळ्याला बोट लावलं. गोळा फुटला नाही. ते मागे सरले आणि समोरच्या दगडाकडे पाहत उभे राहिले. पाठीवरची जाड गादी त्यांनी अजून उतरवलीच नव्हती, त्यामुळे मागून पाहणाऱ्याला घर बदलायला निघालेला माणूस वाटला असता.

मागून पाहणारं मात्र तिथे कोणी नव्हतं. गाडीरस्ता संपल्यावर बरंच चालून गेलं की झुडपांमध्ये हे खडक लागत. फोनला रेंज नव्हती, पाटी नव्हती, पाण्याचा नळ नव्हता. खडक पिवळट, वाळूच्या दगडाचे, कोणी घाईत टाकून गेल्यासारखे इकडेतिकडे पडलेले. त्यांतला एक दुमजली घरापेक्षा जरा बुटका, खाली निमुळता आणि वर फुगलेला होता. डॉक्टर तीन वर्षं त्याच्याशी झगडत होते. दोर नाही, खिळा नाही. बुडाशी बसायचं, दोन पकडी धरून अंग उचलायचं आणि बाहेर आलेल्या पोटावरून माथ्यावर जायचं. पडलं तर खाली गादी. आजवर त्या दगडावर तसं कोणीच चढलं नव्हतं. पहिल्यांदा चढेल त्याने दगडाला नाव द्यायचं, अशी रीत होती. डॉक्टरांचं नाव ठरलेलं होतं: अक्कलदाढ.

दुसरी रीत ओलीची. हा दगड म्हणजे दाबून बसलेली वाळूच. पाऊस पडून गेला की वरून सुकलेला दिसतो, पण आतून भुसभुशीत असतो. अशा वेळी जोरात ओढलं तर पकड तुटून हातात येते. दगडाला नवा दात येत नाही, असं डॉक्टर नवख्यांना समजावत. म्हणून आधी पायथ्याची वाळू उकरायची आणि ती ओली निघाली तर दगडाला हात लावायचा नाही. नियम मोडणाऱ्याला दंड नव्हता. फक्त बाकीचे चढणारे त्याच्याशी पुन्हा बोलत नसत. हा नियम सासूबाईंना सकाळी गाडीत डॉक्टरांनीच समजावला होता. आता डॉक्टरांना त्याचा पश्चात्ताप होत होता.

खरं तर दर रविवारी त्यांच्याबरोबर बायको यायची. डॉक्टर एकदा एकटे आले होते आणि पाय मुरगळून दुपारभर मुंग्यांच्या रांगेशेजारी पडून राहिले होते. तेव्हापासून एकट्याने जायचं नाही, असा घरात ठराव झाला होता. पण आज बायकोच्या औषधांच्या दुकानात मालाची मोजदाद होती. मुतखड्याच्या उपचारासाठी आठवडाभर राहायला आलेल्या सासूबाई पेपर खाली ठेवून म्हणाल्या, "मी जाते. नुसतं उभंच राहायचंय ना?"

निघताना बायकोने लिंबूपाण्याची मोठी बाटली नवऱ्याच्या हातात दिली होती. "ही संध्याकाळी रिकामी परत आली पाहिजे. आई चूळ भरल्यासारखं पिते. तुम्ही साक्षीदार."

"मी काय आईंच्या बाटलीवर पहारा देऊ?"

"तीन वर्षं दगडावर देताय, एक दिवस बाटलीवर द्या."

आजचाच दिवस हवा होता, त्यालाही कारण होतं. शहरातल्या चढाईच्या भिंतीवर मुलांना शिकवणारी एक मुलगी होती. भिंतीला चिकटते म्हणून सगळे तिला पाल म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देत असे. गेल्या महिन्यात तिने हा दगड पाहिला, पोटाखालून हात फिरवला आणि म्हणाली, "काका, हा मी केला तर नाव 'काकांची गादी' ठेवणार. तुमचा सगळा काळ तिच्यावरच गेलाय." सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि त्या रात्री जेवले नाहीत. ती आज येणार होती.

"आई," डॉक्टर म्हणाले, "दगडाला ऊन लागलंय. वाळू सावलीत आहे. दोन्हींचं गणित वेगळं."

"सकाळी तुम्ही काय सांगितलंत? वाळू ओली तर दगड ओला."

"ढोबळ नियम सांगितला."

"मी तीस वर्षं पंचगिरी केली, डॉक्टर. ढोबळ नियमावर एकही सामना चालवला नाही."

हे डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती. तरुणपणी ते बॅडमिंटन खेळत. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या गुणांवर, सर्व्हिस करताना शटल कमरेच्या वर होतं असं सांगून एका बाईंनी फॉल्ट दिला. सामना गेला. डॉक्टर बाईंशी भांडायला टेबलापाशी गेले, तिथे त्यांची मुलगी गुणपत्रक लिहीत बसली होती, आणि भांडण अर्धवट राहिलं. पुढे लग्न झालं, पण ते भांडण काही संपलं नाही. इतक्या वर्षांत सासूबाईंनी एकदाही जावयाच्या बाजूने निकाल दिला नव्हता. गाडी लावण्यावरून नाही, पडद्याच्या रंगावरून नाही, पत्त्यांत तर नाहीच.

"तो सर्व्ह बरोबर होता," डॉक्टर गादी उतरवत पुटपुटले.

"कमरेच्या वर होता," सासूबाई घडीचं स्टूल उघडत म्हणाल्या.

*

पाल आली ती शीळ घालतच. मागे दोन गाद्या उचलून तिचा मित्र लांबू. तो इतका उंच होता की वाटेतल्या प्रत्येक फांदीला नमस्कार करत आल्यासारखा दिसत होता.

"काका, झालं की काय?"

"वाळू ओली आहे," डॉक्टर म्हणाले. "या माझ्या सासूबाई."

पालने लगेच वाकून खड्ड्यात हात घातला, वाळू चोळली आणि मान डोलावली. "ओलीच आहे. आजी, तुम्ही पण चढता?"

"मी पंच आहे."

पालने डॉक्टरांकडे पाहिलं. "काका, थेट घरचा पंच?"

"तू यांना ओळखत नाहीस," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी खरी कळ होती की पालने पुढे चेष्टा केली नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. सासूबाईंनी स्टूल खड्ड्याला लागून मांडलं, डोक्यावरची रुंद काठाची टोपी काढली आणि खड्ड्यावर पालथी ठेवली.

"हे कशाला?" लांबूने विचारलं.

"उघडा ठेवला तर वरून ऊन लागून खोटा निकाल येईल. तळाची वाळू आपली आपण सुकली पाहिजे."

"बरोबर आहे की," पाल म्हणाली. तिला आजी आवडू लागली होती.

ऊन चढलं. लांबू गादीवर आडवा झाला, पण पाय गुडघ्यापासून पुढे बाहेरच राहिले. पाल दगडासमोर उभी राहून हवेत चढत होती: उजवा हात तिरक्या कडेवर, डाव्या हाताची दोन बोटं छोट्या भोकात, टाच वर, आणि मग माथ्याकडे झेप. हवेत ती प्रत्येक वेळी पोचत होती. डॉक्टर ते न पाहिल्यासारखं करून पाहत होते. त्या भोकाला ते कीड म्हणत. तीन वर्षं ते किडीतून झेप घ्यायचे, माथ्याची कड बोटांच्या टोकांना लागायची आणि पुढच्या क्षणी आकाश दिसायचं.

"काका, तुमचं कुठे अडतं, सांगू का?" पाल म्हणाली. "म्हणजे तुम्हाला चालणार असेल तर."

"चालणार नाही."

"टाच—"

"मी पेशंटला भूल देण्याआधी विचारतो. तो नको म्हणाला तर देत नाही."

"पण मग तो ओरडतो ना?"

"ओरडतो. पण ते त्याचं ओरडणं असतं."

सासूबाईंनी बाटलीचं झाकण उघडून एक घोट घेतला. डॉक्टरांनी बाटलीकडे नजर टाकली. निम्मीसुद्धा झाली नव्हती. "आई, प्या हं."

"पितेय. एक खडा पोटात, एक समोर. दोन्ही आपल्या वेळेने हलतील."

दुपारी त्यांनी टोपी उचलली, चमचा घातला, मूठ दाबली, उघडली. सगळे भोवती वाकले. गोळा जरा भेगाळला होता, पण गोळाच होता.

"ओली."

"सुटत आलीये," पाल म्हणाली.

"आली नाहीये."

पुढच्या वेळी डॉक्टरांना खात्री होती की वाळू सुकली असणार. त्यांनी बूट घातले, हाताला खडूची पूड लावली आणि दोन्ही पांढरे हात शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे वर धरून उभे राहिले. सासूबाईंनी मूठ उघडली. गोळा छान घट्ट होता; भेगासुद्धा नव्हत्या.

"असं कसं?" लांबू म्हणाला. "मघापेक्षा जास्त ओली?"

"खालून ओल वर येत असेल," पाल म्हणाली. "दगड पाणी सोडतो ना."

"आपण त्या बाजूला खणून पाहू या का? तिकडे ऊन जास्त आहे."

सासूबाईंनी लांबूकडे पाहिलं. त्या बसलेल्या होत्या आणि तो उभा होता, तरी पाहणं वरून खाली झालं. "सामना सुरू झाल्यावर कोर्ट बदलतात का?"

"नाही आजी."

"जागा सकाळी ठरली, सगळ्यांसमोर ठरली. आता मी तिकडे खणलं तर उद्या कोणी म्हणेल, पंचांनी सोयीची जागा शोधली."

डॉक्टरांनी हातावरची पूड पँटला पुसली. बूट काढले. सासूबाईंचा हा स्वर त्यांच्या ओळखीचा होता. त्यापुढे बोलून काही उपयोग नसतो, हे या घराचा जावई होण्याच्या आधीपासून त्यांना माहीत होतं. त्यांनी मनातल्या मनात 'काकांची गादी' असं म्हणून पाहिलं. आता पुढच्या रविवारी पाल सकाळीच येईल आणि पहिल्याच झेपेत माथ्यावर बसेल. मग वर्षानुवर्षं इथे येणारी पोरं दगडाकडे बोट दाखवून विचारतील, कोण हे काका?

तीनच्या सुमाराला टोपी पुन्हा उचलली गेली. ओली.

पालने घड्याळ पाहिलं आणि उसासा टाकला. "संध्याकाळी भिंतीवर बारक्यांचा वर्ग आहे. दार उघडायला मी नसले की ती पोरं दारावरूनच चढतात." ती बॅग भरू लागली. निघताना ती दगडापाशी गेली, पण हात लावला नाही. नुसता तळवा जवळ नेला, झोपलेल्या जनावराजवळ नेतात तसा.

"काका, खरं सांगू? तुमचं झालं तर मला आनंद होईल."

"आणि नाही झालं तर?"

"जरा जास्त होईल." ती हसली. "आजी, येते हं. असा पंच भिंतीवर हवा होता."

सासूबाईंनी मान तुकवली. तिकडे वाटेत लांबूचं डोकं कुठल्यातरी फांदीला लागल्याचा आवाज आला, मग शीळ ऐकू आली, मग तीही थांबली.

*

थोड्या वेळाने सासूबाई उठल्या, चमचा घेऊन दगडाच्या दुसऱ्या कोपऱ्याशी गेल्या आणि वाकून खणू लागल्या.

"आता तिकडे?" डॉक्टर म्हणाले.

"ते गेले. नवा सामना, नवी जागा."

त्यांनी मूठ दाबली, उघडली. वाळू बोटांमधून पिठासारखी झरली. "कोरडी," त्या म्हणाल्या आणि हात झटकले.

डॉक्टर बूट इतक्या घाईने घालू लागले की आधी डावा पाय उजव्या बुटात गेला. त्यांनी गादी सरकवली, पूड लावली, दगडाच्या बुडाशी मांडी मोडून बसले. सासूबाई त्यांच्या मागे, दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"मी झेलणार नाही," त्या म्हणाल्या.

"फक्त दिशा द्यायची. डोकं गादीवर येईल असं."

"आणि हात लागला तर चढाई बाद. सांगितलंत सकाळी."

"हो. आठवण करून दिलीत, बरं वाटलं."

उजवा हात तिरक्या कडेवर. दोन बोटं किडीत. अंग उचललं तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून, पेशंटच्या तोंडून यावा तसा आवाज आला. टाच वर गेली. इथून झेप घ्यायची, की आकाश. या वेळी टाच ठेवताना त्यांनी ती नेहमीपेक्षा जरा आत ठेवली. पालचं वाक्य अर्ध्यावर तोडलं होतं, पण हवेत चढताना तिची टाच कुठे जाते हे काही डोळ्यांवर पट्टी बांधून पाहिलं नव्हतं. त्यांनी झेप घेतली. कड बोटांना लागली आणि या वेळी बोटांतच राहिली. पाय सुटून बाहेर गेले, घड्याळाच्या लंबकासारखे एकदा झुलले, सासूबाईंच्या नाकासमोरून गेले आणि परत आले. मग एक कोपर वर, मग दुसरं, मग पोट, मग बराच वेळ नुसती धडपड, आणि मग डॉक्टर माथ्यावर पालथे पडलेले होते.

"झालं," खालून सपाट आवाज आला. "हात लागला नाही. गादीला पाय टेकला नाही. चढाई मान्य."

ते उठून बसले. वर वारा होता. झुडपांच्या शेंड्यांवरून लांबवर एक रस्ता दिसत होता आणि त्यावरून काहीतरी छोटंसं चकाकत जात होतं. जावयाच्या बाजूने लागलेला हा पहिलाच निकाल, हे त्यांना त्या चकाकीकडे पाहताना सुचलं. त्यांना तो पुन्हा एकदा ऐकावासा वाटला, पण मागायची लाज वाटली.

मागच्या बाजूने ते सावकाश उतरले. सामान आवरलं. जागा होती तशी करून जायची, हीही तिथली रीत. म्हणून नवा खड्डा पायाने बुजवून ते सकाळच्या खड्ड्याकडे वळले आणि टोपी उचलली.

तळाची वाळू गडद, चमकदार, अगदी ओलीचिंब होती. डॉक्टर उकिडवे बसले. वाळूला वास येत होता. मधोमध, नुकती धुतल्यासारखी, लिंबाची एक बी पडली होती.

स्टुलाच्या कडीला बाटली लटकत होती. ती रिकामी होती, वाऱ्याने हलत होती.

सासूबाई त्यांच्याकडे पाठ करून एका पायावर उभ्या होत्या आणि बुटातली वाळू झटकत होत्या. त्या वाळूला जितका वेळ लागायला हवा, त्याहून बराच जास्त वेळ त्या ती झटकत होत्या.

डॉक्टरांनी खड्डा बुजवला. वरून दोनदा थोपटला. टोपीवरची वाळू झाडून ती सासूबाईंच्या हातात दिली. "निघू या?"

"निघू या," त्या म्हणाल्या.

*

गाडी डांबरी रस्त्याला लागली तशी फोनला रेंज आली आणि लगेच तो वाजला. डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली.

"काका, आम्ही गेल्यावर सुकली का?" पालच्या मागे पोरांचा कल्ला चालला होता. "झालं का तुमचं?"

डॉक्टरांनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं. शेजारी सासूबाई मांडीवर टोपी ठेवून ताठ बसल्या होत्या, जाळीच्या शेजारी उंच खुर्चीवर बसायच्या तशा.

"नाही झालं," डॉक्टर म्हणाले.

"अरेरे," पाल म्हणाली. त्या अरेरेमध्ये दुःख औषधालाही नव्हतं. "मग पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी. तू, मी, दोघंही. वाळू कोरडी असली तर."

फोन ठेवून त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "मी पाहिलंय. तुम्ही वर बसला होतात."

"बसलो होतो. छान वारा होता."

"मग खोटं का बोललात?"

"आई, सामना चालू असताना पंचांनीच शटल हातात पकडलं, तर काय द्यायचं?"

"लेट," त्या तत्काळ म्हणाल्या. "गुण कोणालाच नाही. परत खेळायचं." आणि आपण काय निकाल दिला, ते लक्षात येऊन त्या खिडकीकडे वळल्या.

वळणं संपली. दोन्ही बाजूंना दुकानं दिसू लागली.

"त्या मुलीचा हात लांब आहे," सासूबाई खिडकीला म्हणाल्या. "ती करेल."

"करेल."

"मग ते गादीचं नाव पडेल."

"पडेल. वाईट नाव आहे."

"फारच वाईट आहे."

पुढे सिग्नल लागला. डॉक्टर म्हणाले, "आई, आता आपण दोघंच आहोत, म्हणून विचारतो. तो सर्व्ह—"

"कमरेच्या वर होता."

डॉक्टर हसू लागले. सिग्नल सुटला तरी हसत होते. मागच्या गाडीला दोनदा हॉर्न वाजवावा लागला.

दार बायकोने उघडलं. नवऱ्याच्या सोललेल्या बोटांवर तिने नुसती नजर टाकली. आईच्या हातातली बाटली मात्र घेतली आणि उलटी केली. एक थेंब आला.

"आई, सगळं प्यायलीस?"

बाई कधी खोटं बोलत नसत. त्यांनी जावयाकडे पाहिलं. निकालाची वाट पाहणाऱ्या खेळाडूंकडे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. स्वतः तशा उभ्या राहिलेल्या त्यांना कोणी पाहिलं नसावं.

"काय हो, प्यायली का ही? तुम्ही साक्षीदार होतात."

डॉक्टर खाली बसून बुटाची नाडी सोडत होते. गाठीत वाळू अडकली होती. "संपली," ते मान वर न करता म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत. थेंबसुद्धा वाया गेला नाही."

"शाबास," बायको म्हणाली आणि बाटली धुवायला घेऊन गेली.

सासूबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी मोठा ग्लास काठोकाठ भरला, उभ्याउभ्याच पिऊन टाकला आणि परत नळाखाली धरला.